रूळ की चाके? मुंबईच्या ट्रामचा नव्वद वर्षांचा हिशेब

१/
३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरकडे गेलेली ट्राम ही मुंबईची अखेरची ट्राम. पहिली धावली होती ९ मे १८७४ रोजी. नव्वद वर्षे पुरी व्हायला सव्वा महिना उरला असताना हा अध्याय मिटला.

ट्राम गेली आणि बस राहिली, हे आपल्याला इतके स्वाभाविक वाटते की त्यामागे एक निवड होती याचाच विसर पडतो. नाशिक-पुण्यासारख्या वाढत्या शहरांत ‘रुळांवरचे वाहन आणावे की बसच सुधारावी’ हा वाद आज पुन्हा रंगतो आहे. अशा वेळी मुंबईने तो वाद कसा सोडवला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

२/
या विषयावर दोन तयार उत्तरे सर्वत्र फिरत असतात. पहिले असे की ट्राम संथ होती, जुनाट होती, रहदारीला अडथळा होती, म्हणून गेली. दुसरे अधिक रोचक आहे: मोटार कंपन्यांनी कट करून ट्राम संपवली. हे दुसरे उत्तर मूळचे अमेरिकेतले असून समाजमाध्यमांवर ते सर्व शहरांना सरसकट चिकटवले जाते. पहिल्यात अर्धे सत्य आहे, दुसऱ्यात त्याहून कमी. दोन्हींचा समाचार घेऊ, पण त्याआधी मुळापासून सुरुवात करावी लागेल. आरंभ घोड्यांपासून.

३/
रस्त्यात रूळ घालायचेच कशासाठी? कारण लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरताना घर्षण फार कमी होते. खडबडीत रस्त्यावर घोड्यांची जी जोडी मोजकी माणसे ओढते, तीच रुळांवर कितीतरी अधिक माणसे ओढू शकते. ट्रामचे सारे अर्थशास्त्र या एका भौतिक सत्यावर उभे आहे. एकाच मार्गाने पुष्कळ माणसे जाणार असतील, तर रुळांचा खर्च भरून निघतो. माणसे थोडी असतील, तर तेच रूळ गळ्यातला धोंडा होतात.

४/
मुंबईतल्या पहिल्या मार्गांकडे या दृष्टीने पाहा. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुनी आणि बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुनी. म्हणजे फोर्टातल्या कचेऱ्या एका टोकाला आणि दाट वस्तीचे ‘नेटिव्ह टाऊन’ दुसऱ्या टोकाला. माणसांचा ओघ जिथे आधीच होता, तिथेच रूळ पडले. आरंभी भाडे तीन आणे होते आणि तिकीटच दिले जात नसे! पुढे भाडे दोन आण्यांवर आले आणि तिकिटेही आली. उन्हाळ्यात ट्रामच्या घोड्यांच्या डोक्यावर सोला टोप्या चढवत. (हे मी रंगवून सांगत नाही. बेस्टच्या इतिहासात त्याची नोंद आहे.)

५/
आता थोडा कायदा. हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वगळू नका, कारण ट्रामच्या मरणाचे बीज मला इथेच दिसते.

ब्रिटनमध्ये १८७० साली ट्रामवे कायदा झाला. त्यातल्या दोन तरतुदी ध्यानात ठेवा. एक: दोन रुळांमधला आणि रुळांच्या दोन्ही बाजूंचा अठरा इंच रस्ता कंपनीने स्वखर्चाने दुरुस्त राखायचा. दोन: एकवीस वर्षांनंतर स्थानिक नगरसंस्थेला ती ट्राम विकत घेण्याचा अधिकार.

पहिली अट घोड्यांच्या काळात रास्त होती. त्यांच्या टापांनी फरशी उखडत असे. पण विजेची ट्राम आली, घोडे गेले आणि अट मात्र राहिली. परिणामी ब्रिटिश शहरांत असे दृश्य दिसू लागले की ट्राम कंपनी जो रस्ता दुरुस्त करते, त्यावरून मोटारी आणि बसगाड्या मजेत धावतात आणि तिचेच प्रवासी पळवतात. दुसऱ्या अटीने निराळी अडचण केली. मुदत संपत आली की विकत घेतली जाणारी मालमत्ता सुधारण्यात कोणत्या कंपनीला रस उरेल?

६/
मुंबईसाठी १८७४ साली स्वतंत्र कायदा झाला, पण तो याच विचारांच्या छायेत वाढला. ट्राम हा खासगी धंदा, रस्ता नगरपालिकेचा आणि दोघांमध्ये मुदतीचा करार, अशी ती रचना होती. ७ ऑगस्ट १९०५ रोजी नवा करार झाला आणि ‘बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी’ने जुन्या ट्राम कंपनीची जागा घेतली. ही कंपनी महापालिकेच्या ताब्यात आली ती ७ ऑगस्ट १९४७ रोजी. दोन तारखांमधले अंतर नेमके बेचाळीस वर्षांचे, म्हणजे एकविसाची दुप्पट.

स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी झालेल्या या हस्तांतरणाकडे राष्ट्रीय भावनेच्या चष्म्यातून पाहण्याचा मोह होतो. परंतु या तारखेमागे राष्ट्रवादापेक्षा कराराचे कलम अधिक बोलते.

७/
त्या कंपनीच्या नावातला क्रमही पाहा. आधी ‘इलेक्ट्रिक सप्लाय’, मग ‘ट्रामवेज’. त्या काळी वीज कंपनीपुढचा मोठा प्रश्न गिऱ्हाइकाचा असे. दिवे संध्याकाळी लागतात. मग दिवसभर यंत्रे चालवून वीज द्यायची कोणाला? ट्राम हे दिवसभर वीज खाणारे हक्काचे गिऱ्हाईक होते. जगातल्या अनेक शहरांत वीज आणि ट्राम एकाच घरात नांदल्या त्या यामुळेच.

७ मे १९०७ रोजी मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. आज ‘बेस्ट’ म्हणताना त्यातला ‘टी’ ट्रान्सपोर्टचा असतो. मुळात तो ट्रामवेजचा होता. उपक्रमाचे आद्याक्षर तेच राहिले आणि आतला शब्द बदलला.

८/
पुढची तीसेक वर्षे ट्रामच्या भरभराटीची. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. १९३५ च्या सुमारास ४७ किलोमीटरच्या मार्गांवर ४३३ ट्रामगाड्या होत्या. गिरणगावातला कामगार, फोर्टातला कारकून, मुळजी जेठा मार्केटात माल पाहायला निघालेला व्यापारी हे सारे ट्रामचे गिऱ्हाईक.

दादरच्या खोदादाद सर्कलला आजही लोक ‘दादर टीटी’ म्हणतात. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. तिथली ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, तरी टॅक्सीवाल्याला हेच नाव सांगावे लागते.

९/
आता बस. १५ जुलै १९२६ रोजी मुंबईत बेस्टची पहिली बस धावली. डेमलर बनावटीच्या २४ गाड्या आणि तीन मार्ग: अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट, दादर ट्राम टर्मिनस ते किंग्ज सर्कल आणि ऑपेरा हाऊस ते लालबाग.

मधला मार्ग पुन्हा वाचा. दादर ट्राम टर्मिनस ते किंग्ज सर्कल! ट्राम जिथे संपते तिथे बस सुरू होते. पुढे माटुंग्याच्या बाजूला नवी वसाहत उभी राहत होती, पण तिथे रूळ घालण्याइतकी माणसे अजून नव्हती. या मार्गावर तरी बस ट्रामच्या मुळावर आलेली नव्हती. ट्रामकडे प्रवासी आणून सोडणारी ती धाकटी बहीण होती. या दोघी परस्परांच्या वैरिणी ठरल्या त्या पुढे, आणि माझ्या मते तसे ठरायला नको होते.

१०/
भाड्याचा तपशील मात्र वेगळीच गोष्ट सांगतो. त्या काळी म्युझियम ते दादर हा प्रवास ट्रामने दीड आण्यात होई. त्याच अंतराला बसचे भाडे चार आणे होते. अडीच पटींहून अधिक!

म्हणून आरंभीची बस ही वरच्या मध्यमवर्गाची गाडी होती आणि ट्राम गरिबांची. आज बस म्हणजे सामान्यांची आणि रुळांवरची चकचकीत मेट्रो म्हणजे वरच्या पायरीची, असे समीकरण आपल्या मनात पक्के आहे. शंभर वर्षांपूर्वी ते नेमके उलटे होते. ‘बस म्हणजे गरिबांचे वाहन’ हे विधान बसच्या स्वभावातून निघालेले नसून काळाने तिच्यावर लादलेले आहे, एवढे यातून निश्चित म्हणता येईल.

११/
१९२६ च्या डिसेंबरअखेरपर्यंत सहा लाख लोकांनी बसने प्रवास केला. पुढच्या एका वर्षात हा आकडा ३८ लाखांवर गेला. १९३४ मध्ये महापालिकेच्या आग्रहावरून बससेवा शहराच्या उत्तर भागात पोहोचली, १९३७ मध्ये दुमजली बस आली. १९४७ मध्ये महापालिकेने कंपनी ताब्यात घेतली तेव्हा २४२ बसगाड्या २३ मार्गांवर धावत होत्या.

ट्राम त्या वेळीही होतीच. पण जुन्या रुळांची आणि गाड्यांची. रूळ बदलायचे तर रस्ता उकरावा लागतो, पोलाद आणावे लागते, तारा आणि खांब नव्याने लावावे लागतात. बसला यातले काही लागत नाही. रस्ता महापालिका कराच्या पैशातून करते आणि तो खर्च बसच्या हिशेबात दिसतच नाही. ट्रामचा मार्ग मात्र ट्रामच्याच खतावणीत चढतो. हा हिशेब मांडण्याच्या पद्धतीतला फरक आहे, आणि त्याने जगभर ट्रामला महाग व बसला स्वस्त दाखवले.

१२/
आता बसच्या बाजूने जे बोलले पाहिजे ते मोकळेपणाने बोलतो.

१९५० मध्ये मुंबईची हद्द अंधेरी-घाटकोपरपर्यंत गेली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. लोकसंख्या १९५१ मध्ये सुमारे ३० लाख होती, १९६१ मध्ये साडेएकेचाळीस लाख. दहा वर्षांत अकरा-साडेअकरा लाख माणसे वाढली, आणि उपनगरांत अशा ठिकाणीही वस्ती उभी राहत होती जिथे काल शेत, मिठागर नाहीतर वाडी होती. अशा पसरत्या शहरात कुठे वस्ती होणार हे आधी कळत नाही. बस उद्यापासून नव्या वसाहतीच्या तोंडाशी उभी करता येते, चार महिन्यांनी मार्ग बदलता येतो. दादरच्या आसपास थबकलेली ट्राम चेंबूर-बोरिवलीला न्यायची म्हटले असते, तर तो खर्च त्या काळच्या महापालिकेला पेलवलाच नसता. शिवाय लांबच्या पल्ल्यासाठी लोकल गाड्या होत्याच. त्यांच्या स्थानकांपासून घरापर्यंतचे तुकडे जोडायला बसच योग्य होती.

उपनगरांच्या बाबतीत बेस्टचा निर्णय बरोबर होता, यात मला शंका वाटत नाही.

१३/
पण बोरीबंदर ते दादर? भायखळा, लालबाग, परळ? तिथे वस्ती होणार की नाही हा प्रश्नच नव्हता. गिरण्या होत्या, चाळी होत्या, पाळीपाळीने रस्त्यावर उतरणारा कामगार होता. एकाच मार्गाने पुष्कळ माणसे, म्हणजे रूळ ज्यासाठी जन्मले ती परिस्थिती. अखेरपर्यंत ट्राम टिकली ती याच मार्गावर, हा योगायोग म्हणता येणार नाही.

मग इथे ती ‘अडथळा’ कशी झाली? रस्त्याच्या मधोमध रूळ, त्यामुळे ट्राम वळसा घालू शकत नाही. पुढे हातगाडी अडकली की मागच्या सगळ्या ट्राम खोळंबल्या. प्रवाशाला रस्त्याच्या मध्यात उतरून मोटारी चुकवत कडेला जावे लागे. मोटारी थोड्या होत्या तोवर हे खपले. त्या वाढल्या तेव्हा एक साधा प्रश्न उभा राहिला: वाट कोणी कोणाला द्यायची? एका ट्राममध्ये पन्नास-साठ माणसे, एका मोटारीत एक किंवा दोन. तरीही ‘अडथळा’ हा शब्द ट्रामला लावला गेला, मोटारीला नाही. रुळांची पट्टी ट्रामसाठी राखून ठेवण्याचा विचार प्रभावी ठरला नाही आणि मोकळी केली गेली ती मोटारींसाठी.

१४/
मुंबई यात एकटी नव्हती. पॅरिस शहरातली ट्राम १९३७ मध्ये गेली, लंडनची १९५२ मध्ये, मद्रासची १९५३ मध्ये, दिल्लीची १९६३ मध्ये. आधुनिक शहर म्हणजे मोटारीचे शहर, ही त्या काळाची श्रद्धा होती. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशातील नियोजनकारांनाही ती मोहवत होती. १९६४ च्या निर्णयाकडे पाहताना हा काळ विसरून चालणार नाही.

पुढे काय झाले तेही गमतीचे. पॅरिस परिसरात ट्राम १९९२ मध्ये परतली, लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडनमध्ये २००० साली. अमेरिकेत १९७२ च्या सुमारास ट्रामच्या सुधारित रूपाला ‘लाइट रेल’ असे नवे नाव मिळाले. ‘लाइट’ हे विशेषण रुळांच्या वजनाचे नाही. मोठ्या लोकल-मेट्रोपेक्षा प्रवासी वाहण्याची क्षमता कमी, एवढाच त्याचा अर्थ. पण जुन्या ट्रामहून तिचा खरा वेगळेपणा असा की बहुतांश ठिकाणी तिच्यासाठी रस्त्याची पट्टी राखीव असते.

१५/
आता त्या अमेरिकन कटाविषयी, कारण प्रतिसादांत कोणीतरी तो आणणारच.

१९४९ मध्ये शिकागोच्या न्यायालयात जनरल मोटर्स, फायरस्टोन, स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया इत्यादी कंपन्यांना दोषी ठरवले गेले, हे खरे. परंतु दोष सिद्ध झाला तो ‘नॅशनल सिटी लाइन्स’च्या वाहतूक कंपन्यांना बस, इंधन आणि टायर विकण्याची मक्तेदारी साधण्याच्या कटाचा. शहरांची वाहतूक सेवाच कह्यात घेण्याच्या कटाच्या आरोपातून त्या सुटल्या. जनरल मोटर्सला दंड झाला ५,००० डॉलर.

तोवर अनेक अमेरिकन ट्राम कंपन्या आधीच डबघाईला आल्या होत्या. कारण भाडे. अनेक शहरांत परवान्यातच पाच सेंट भाडे बांधलेले होते. पहिल्या महायुद्धानंतर मजुरी आणि मालाच्या किमती चढल्या, भाडे मात्र वाढवता येईना. मग रूळ झिजत गेले, गाड्या जुनाट झाल्या, आणि जुनाट झाल्या म्हणून लोकांनी पाठ फिरवली. कटाची कथा सांगायला सोपी पडते. भाड्याचे राजकारण समजावून सांगायला वेळ लागतो.

१६/
भाड्याचे हे राजकारण भारतातही पेटले होते. १९५३ मध्ये कलकत्त्याच्या ट्राम कंपनीने, जी तेव्हाही ब्रिटिश मालकीची होती, दुसऱ्या वर्गाचे भाडे एका पैशाने वाढवले. शहर रस्त्यावर आले, ट्रामगाड्या जाळल्या गेल्या, अखेर वाढ मागे घ्यावी लागली. एका पैशासाठी एवढे रामायण का, असे आज वाटेल. ज्याच्या रोजच्या जाण्यायेण्याचा हिशेब पैशांत होता, त्याला ते वाटले नव्हते. पण याचीच दुसरी बाजू अशी की भाडे वाढवायचे नाही आणि अनुदानही द्यायचे नाही, तर ट्राम झिजणारच.

मुंबईत हा तिढा काही काळ सैल राहिला. विजेचा धंदा त्याच उपक्रमाकडे असल्यामुळे वाहतुकीतला तोटा विजेच्या नफ्यातून भरून काढता येई.

१७/
ट्राम आणि बस यांच्या मधली एक वाट मुंबईने चोखाळून पाहिली होती, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू झाली. रबरी टायर, खाली रूळ नाहीत, पण वर ट्रामसारख्या विजेच्या तारा. गाड्या अवघ्या बारा. २४ मार्च १९७१ रोजी हा प्रयोगही संपला. ट्रामचा तारांचा खर्च तिच्याकडे होता आणि बसचे हवे तिकडे वळण्याचे स्वातंत्र्य पूर्णपणे नव्हते. एकाच छोट्या मार्गावर तिची परीक्षा कितपत न्याय्य झाली, हा प्रश्न मला छळतो.

१८/
ट्राम टिकवणाऱ्या शहरांनी काय वेगळे केले? माझे आवडते उदाहरण झुरिकचे.

तिथेही ट्राम मोटारींच्या गर्दीत अडकत होती. उपाय म्हणून शहराच्या मध्यभागी ट्राम जमिनीखाली न्यावी अशी योजना निघाली. १९६२ मध्ये मतदारांनी ती फेटाळली. १९७३ मध्ये भुयारी रेल्वेची योजना आली, तीही फेटाळली. मग १९७७ मध्ये मतदारांनी वीस कोटी फ्रँक मंजूर केले ते आहे त्या ट्राम आणि बस वेगवान करण्यासाठी. राखीव पट्ट्या, आणि ट्राम जवळ येताच तिला वाट देणारे सिग्नल.

त्यांच्या मतपत्रिकेवर ‘ट्राम की बस’ असा प्रश्न आलाच नाही. लोकांनी कौल दिला तो सार्वजनिक वाहनाला रस्त्यावर पहिला मान देण्याच्या बाजूने. वाहन जमिनीखाली ढकलून वरचा रस्ता मोटारींना सोडायचे त्यांनी नाकारले.

१९/
हे वाचून ‘म्हणजे रूळच श्रेष्ठ’ असा निष्कर्ष काढाल तर थांबा. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९७४ मध्ये रूळ परवडत नाहीत म्हणून बससाठीच स्वतंत्र मार्ग केले. कोलंबियातल्या बोगोटाने २००० च्या अखेरीस ‘ट्रान्समिलेनियो’ सुरू केली. तिच्या मुख्य मार्गावर एका दिशेने तासाला चाळीस हजारांहून अधिक प्रवासी जातात. बहुतेक लाइट रेलना हा आकडा गाठता येत नाही! पण तिथे थांबलेल्या बसला मागून ओलांडून जाता यावे म्हणून थांब्यांपाशी प्रत्येक दिशेला दोन पट्ट्या बसला दिलेल्या आहेत. रस्ता दिला तर बसही रेल्वेची बरोबरी करते.

आणि नाही दिला तर? दिल्लीत २००८ मध्ये आंबेडकर नगर ते मूलचंद बसमार्ग सुरू झाला. मोटारवाल्यांनी आरडाओरडा केला. त्याविरुद्धची याचिका २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने फेटाळली, तरीही पुढे तो मार्ग उखडला गेलाच. पुण्यात डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली. त्या पट्ट्यांत घुसणाऱ्या दुचाक्या पुणेकरांनी पाहिल्या आहेत, मी नव्याने काय सांगणार! ६ मार्च २०२२ रोजी पुण्यात मेट्रो धावू लागली. बराचसा मार्ग खांबांवर, म्हणजे खालच्या रस्त्याची वाटणी बदलण्याची फारशी गरज नाही. मला वाटते, मेट्रोला मिळालेल्या राजकीय पसंतीमागे हे एक मोठे कारण आहे, आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते.

२०/
मग रूळ केव्हा आणि बस केव्हा? इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला तीन-चार गोष्टी तोलाव्याशा वाटतात.

मार्गावरची गर्दी कायमची आहे का, हे पहिले. लालबाग-परळसारखी असेल तर रुळांचा खर्च अनेक पिढ्यांवर वाटला जातो. जोडलेल्या डब्यांच्या एका गाडीला एकच चालक लागतो, तिथे तेवढ्याच माणसांसाठी चार-पाच बस आणि तितकेच चालक लागतात. दुसरे, वस्ती कुठे सरकणार हे ठाऊक नसेल तर बसच बरी. तिसरा मुद्दा कमी बोलला जातो. बसचे जे लवचीकपण आपण गुण म्हणून सांगतो, तेच तिच्याविरुद्धही वापरता येते. मार्ग आज सुरू होतो तसा उद्या गुपचूप बंद होतो, फेऱ्या कमी होतात, आणि प्रवाशाला कळते ते थांब्यावर उभे राहून. रूळ उखडायला सभा लागते, ठराव लागतो, वर्तमानपत्रात बातमी येते. ट्रामला मारायला अनेक वर्षे लागली. बसमार्ग मारायला एक परिपत्रक पुरते.

आणि रस्त्याची पट्टी राखायचीच नसेल, तर कोणतेही वाहन निवडा, ते मोटारींच्या मागे उभे राहील.

१९६४ च्या निर्णयाविषयी माझे मत विचाराल तर: उपनगरांसाठी योग्य, गिरणगावासाठी चुकीचा. दोन्हीकडे एकच न्याय लावला गेला.

२१/
नाशिककरांसाठी एक पुरवणी. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकसाठी ‘मेट्रो निओ’ची घोषणा झाली, केंद्राचा वाटा म्हणून २,०९२ कोटी रुपये सांगितले गेले. त्यानंतरची वर्षे प्रतीक्षेत गेली. निओ म्हणजे काय? रबरी टायरची, वरच्या तारांतून वीज घेणारी, उन्नत मार्गावरून धावणारी लांब बस. माझगाव डॉकला जाणारी १९६२ ची ट्रॉलीबस आठवा. तीच कल्पना, फक्त यावेळी रस्त्यावरून उचलून खांबांवर ठेवलेली.

२२/
ट्रामचे रूळ मुंबईत अजून आहेत. अनेक ठिकाणी ते उखडण्याऐवजी वरून डांबर ओतले गेले. फ्लोरा फाउंटनच्या जीर्णोद्धाराच्या वेळी, २०१७ च्या सुमारास, खोदकामात काळ्या दगडी फरशीसह ते वर आले आणि त्यांचा एक तुकडा तिथे जतन केला आहे. हुतात्मा चौकात गेलात तर अवश्य पाहा. मोबाइलमध्ये जुना नकाशा उघडून त्या रुळांची दिशा जुळवून पाहिली तर अधिक मजा येते.

नाशिकातही एकेकाळी रेल्वे स्थानक ते गाव अशी घोड्यांची ट्राम होती. पुढचा धागा तिच्यावर. कुणाच्या घरी तिचे छायाचित्र किंवा तिकीट असेल तर जरूर कळवा.